नर्सबाईंची जोडी

आमच्या चिंचदऱ्यात नर्सबाईंना कोणी नमस्कार करत नसे. त्या समोरून आल्या की माणूस आपोआप दोन्ही हात पुढे करी, आधी उताणे, मग पालथे. दारात पाऊल टाकताना त्यांचा पहिला शब्द ठरलेला असे, "आधी हात!" बाळंतिणीची सासू असो, तिची आई असो, की नुसता डोकावायला आलेला शेजारी असो, हात आणि नखे दाखवल्याशिवाय त्या कोणाला बाळाजवळ जाऊ देत नसत. हळूहळू गावाला सवयच लागली. एकदा लग्नाच्या मांडवात नवरदेव त्यांच्या पाया पडायला वाकला. बाईंनी त्याला उठवले आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. सगळ्यांना वाटले, आता काहीतरी चांगले बोलतील. बाई म्हणाल्या, "नखं काढ रे बाबू. हळद आत जाऊन बसली."

त्यांचे नाव यमुनाबाई. पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. छप्पन साली दसऱ्याला आमच्या वस्तीने दीक्षा घेतली, आणि पुढच्या उन्हाळ्यात नर्सबाई आमच्या गावच्या दवाखान्यात आल्या. मोटारीच्या टपावरून आधी सायकल उतरली, मग पत्र्याची पेटी. "सायकल घरधन्याची असन," वेणूआजी म्हणाली. वेणूआजी ही आमच्या शेजारची म्हातारी. गावात काहीही झाले की पहिले वाक्य तिचेच असे. पण घरधनी काही उतरला नाही. बाईंनी पांढऱ्या लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पेटी कॅरिअरला बांधली आणि मोटारीने उडवलेल्या धुळीतून सायकलवर बसून दवाखान्याकडे निघून गेल्या. बाईमाणूस सायकलवर बसलेले गावाने तोपर्यंत पाहिले नव्हते. वेणूआजी त्या दिवशी बराच वेळ काही बोलली नाही, ही गोष्ट लोक अजून सांगतात.

नवऱ्याबद्दल माझ्या आईने त्यांना एकदा विचारले होते. "त्यानं दुसरी केली, मी नोकरी केली," एवढेच बोलून त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. चहा त्या उभ्यानेच पीत. बसल्या तर उठवत नाही, असे म्हणत.

चिंचदरा हे दरीतले गाव. एका बाजूला दिग्रसकडे सपाट रान आहे, कपाशीची शेते आहेत. दुसऱ्या बाजूला यवतमाळचा रस्ता एकदम अंगावर आल्यासारखा चढतो. वर माळावर लखू नायकाचा बंजाऱ्यांचा तांडा, आणि त्याच्याही पलीकडे मोहाडा हे गाव. बाईंच्या वाट्याला ही सगळी वरची वस्तीही होती. यवतमाळची मोटार सकाळी एकदा वर जायची आणि संध्याकाळी खाली यायची, पण बाळंतपणे काही मोटारीच्या वेळेने होत नाहीत. सायकल खाली ठेवून पायी चढावे, तर वर गेल्यावर माळावरचा पल्ला लांब. म्हणून बाई सायकल ढकलत वर नेत आणि वर गेल्यावर तिच्यावर बसत.

चढाच्या मध्यावर, जिथे रस्ता सगळ्यात उभा होतो, तिथे शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड आहे. कितीही धट्टाकट्टा गडी असला तरी सायकलवरून त्याला तिथे उतरावेच लागे. आणि उतरलाच आहे तर तो हात जोडूनच पुढे जाई. "म्हसोबा कोणाले बसून जाऊ देत नाई," असे सगळे म्हणत. बाईंनीही दीक्षा घेऊन देव सोडले होते. त्या म्हणत, "मी त्याच्या वाटी जात नाही. मंग तो माह्या वाटी काहून येते? दर खेपेला त्याच्यापाशीच उतरा लागते मले!"

हे त्या हसून म्हणत. पण त्यांचे खरे दुखणे दुसरे होते, आणि ते त्यांनी माझ्या आईजवळ बोलून दाखवले होते. लोखंडी सायकल, कॅरिअरवर औषधांची पेटी, भांडे, कंदील. एवढे सगळे ढकलत वर पोचले की त्यांचे हात थरथरत. "थरथरत्या हातानं नाळ कापू नाही," त्या म्हणत. म्हणून वर गेल्यावर हात गुडघ्यांवर दाबून त्या थोडा वेळ बसत आणि मग कामाला लागत. आत बाई कण्हते आहे आणि आपण बाहेर आपले हात शांत व्हायची वाट पाहतो आहोत, हे त्यांना फार लागत असे.

तांड्यातल्या बायका त्यांना 'याडी' म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. बाईंना पहिल्यांदा ते 'येडी' असे ऐकू आले. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हो, येडीच आहे मी! नाही तं या उन्हात चढून कोण आलं असतं?" सगळा तांडा पोट धरून हसला. अर्थ कळल्यावर मात्र बाई लाजल्या, असे लखू नायक सांगतो. मी त्यांना लाजलेले कधी पाहिले नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवतो.

याच लखू नायकाची सून सोनकी पहिलटकरीण होती. श्रावणातल्या एका दुपारी निरोप आला. बाई लगेच निघाल्या. रस्त्यावर चिखल होता, चाके रुतत होती. त्या तांड्यावर पोचल्या तेव्हा होऊन गेले होते. सोनकी वाचली, बाळ वाचले नाही. नाळ मानेभोवती आली होती. थोडे आधी कोणी जाणते माणूस जवळ असते तर ती सोडवता आली असती. बाईंनी सोनकीचे सगळे नीट केले, तिला पाणी पाजले आणि त्या खाली आल्या. नंतरचे काही दिवस त्या कोणाला हात दाखवायला सांगायच्या विसरत. लोक आपणहून हात पुढे करून उभे राहत आणि त्या तशाच पुढे जात.

त्याच आठवड्यात लखू नायक दिग्रसच्या बाजारातून ज्वारीची पोती घेऊन परत येत होता. चढाच्या पायथ्याशी पुलाच्या कठड्यावर बाई बसलेल्या होत्या. त्या त्याला म्हणाल्या, "नायक, माह्यामुळं झालं."

नायकाने बैलगाडी थांबवली. तांड्यावरून त्याचा मुलगा दुसरी बैलजोडी घेऊन खाली आला होता. ती जोडी गाडीच्या पुढे बांधता बांधता नायक म्हणाला, "तुयामुळं कायले, याडी? चढ हाय तो. आमचे आजे-पणजे बैलाइवर मीठ लादून मुलुखभर हिंडत. तेही अशा चढापाशी थांबत. बिगर थांबता कोणी चढत नाई. थांबायचं, जोडी वाढवायची, वर गेलं का सोडून द्यायची. तुया सायकलीले जोडी एकच हाय. ते तरी बिचारी काय करन?"

बाई कठड्यावरून उठल्या. नायक सांगतो, त्यांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या पुढे बांधलेल्या बैलांकडेच पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दिग्रसला हमीदभाईंच्या सायकलच्या दुकानात हजर झाल्या. मी तेव्हा दिग्रसच्या हायस्कूलात होतो आणि शाळा सुटल्यावर गावाकडची मोटार येईपर्यंत त्याच दुकानाच्या बाकावर बसत असे, म्हणून पुढचे मी स्वतः ऐकले आहे. नागपूरला शिकत असताना बाईंनी एका विलायती सिस्टरची सायकल पाहिली होती. हँडलजवळची कळ सरकवली की पायडल हलके होई. तशी गेरची सायकल करून द्या, असे त्या हमीदभाईंना म्हणाल्या.

"बाई, वो मशीन इधर किसके बाप ने देखी?" हमीदभाई म्हणाले. ते फार बोलके आणि तितकेच धाडसी. त्यांच्या हातून आलेली सायकल चांगली होऊन जाई, किंवा कायमची जाई. "लेकिन चढाव पे हल्की चलनी चाहिए ना? वो मैं कर देता."

त्यांनी मागच्या चाकाची दातेरी चाकी काढली आणि तिच्या जागी बरीच मोठी चाकी बसवली. चढावर सायकल खरोखरच हलकी झाली. पण सपाटीवर आल्यावर गंमत झाली. बाईंचे पाय कापसाच्या जिनातल्या पट्ट्यासारखे गरगर फिरत आणि सायकल म्हशीच्या चालीने जाई. शेळ्या पुढे निघून जात. वेणूआजी ओट्यावरून ओरडली, "काय व बाई, पाय तं लय हालून राह्यले, पण तुमी हाय तिथीच हा!"

बाईही हसल्या. पण जेवढा वेळ चढावर वाचला, तेवढा माळावर गेला. त्या परत हमीदभाईंकडे गेल्या आणि लखू नायकाच्या गाडीची गोष्ट त्यांनी त्यांना सांगितली. "मले जोडी पायजे. चढाची एक, सपाटीची एक. गरज पडली का बदलायची."

हमीदभाईंनी पाना खाली ठेवला. बराच वेळ ते चाक दोन्ही हातांत धरून फिरवत राहिले. मग एकदम म्हणाले, "चाक को दो बाजू होते है, बाई! एक बाजू छोटी, एक बाजू बडी. चढाव आया, चाक पलटा दो." त्यासाठी दोन्ही बाजूंना आटे असलेला चाकाचा मधला तुंबा लागणार होता. तो त्यांनी अकोल्याच्या एका व्यापाऱ्याकडे सांगून ठेवला. स्टँड चाकाच्याच नटात अडकत होता, म्हणून तो काढून टाकायचे ठरले. चेनवरचे झाकणही जाणार होते. "लुगडे को तेल लगेगा," हमीदभाईंनी बजावले. बाई म्हणाल्या, "लागू द्या."

आता या 'जोडी' शब्दाने पुढे काय केले ते सांगतो.

तुंबा यायला बरेच दिवस लागले. आला तेव्हा हमीदभाईंनी निरोप मोटारीच्या कंडक्टरजवळ दिला. मीही त्याच मोटारीत होतो. चिंचदऱ्याच्या थांब्यावर विहिरीवरच्या बायका पाणी घेऊन चालल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे नर्सबाई कोणाशी तरी बोलत होत्या. कंडक्टर पायरीवर लोंबकळत ओरडला, "नर्सबाई! तुमची जोडी तयार हाय म्हणते दिग्रसले! मंगळवारी येऊन घेऊन जा म्हणते!"

बाईंनी हात वर करून "येतो म्हणा" असे सांगितले. त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता, हे सगळ्यांनी पाहिले.

मंगळवारपर्यंत ही बातमी वरच्या तांड्यापर्यंत गेली. नर्सबाईले जोडी भेटली. दिग्रसचा आहे. कंपाउंडर आहे म्हणे. नाही, मास्तर आहे, बिजवर आहे, पण सुभावानं बरा आहे. वेणूआजी आमच्या आईला म्हणाली, "बरं झालं माय. इतके वर्सं एकलीनं काढले. पण पोट्टीनं आपल्याले सांगतलंही नाई." आई तिच्या परीने आनंदात होती. मला खरे माहीत होते. मी दोनदा सांगून पाहिले. "तू गप बस, मोठ्याइच्या गोष्टी हायत," असे उत्तर मिळाले.

मंगळवारी संध्याकाळी मोटार येण्याच्या वेळी थांब्यावर ही गर्दी. आमच्या वस्तीतल्या बायका आरतीचे ताट नको म्हणून नुसती फुले घेऊन आल्या होत्या. तांड्यातून बायका उतरून आल्या होत्या, आणि सोनकी आरशांचा कशिदा केलेली ओढणी घेऊन सगळ्यांत पुढे उभी होती. मोटार थांबली. बाई खाली उतरल्या. त्यांच्या खांद्याला पोत्यात गुंडाळलेले सायकलचे चाक. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या पाठीमागे दारावर लागल्या. दारातून कंडक्टर उतरला. त्याच्यामागे कोणी नाही.

"कुठी आहे?" वेणूआजीने विचारले.

"काय कुठी आहे?"

"तुमची जोडी!"

बाईंनी पोते सोडले. चाकाच्या दोन बाजूंना दोन चाक्या, एक लहान, एक मोठी. "हे काय," त्या म्हणाल्या.

मग वेणूआजीच मोठ्याने हसली. "अवं माय व! शेवटी बाईनं चाकासंग लगन लावलं!" त्या हसण्यात बाईही सामील झाल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. कोणी काय समजून आले होते ते त्यांच्या लक्षात आले होते. फुले त्यांनी घेतली. सोनकी ओढणी परत नेऊ लागली, तर तिच्या हातातून ती काढून घेतली आणि म्हणाल्या, "आणली ते मले. परत कायले नेतं?" त्या दिवाळीला तांड्यावर त्या हीच ओढणी घेऊन नाचल्या. मी ते पाहिले नाही. पण आई सांगे की त्यांना नाचता मुळीच येत नव्हते.

चाक बसवल्यावर पहिल्या चढाला अर्धा गाव पायथ्याशी जमला. बाईंनी सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी केली, पान्याने नट सैल केले, चाक काढून फिरवून बसवले. हात तेलाने काळे झाले. कोणीतरी टोमणा मारला, "उतराच लागलं नं बाई शेवटी!" बाई न पाहता म्हणाल्या, "खाली उतरली. मधात नाही उतरत."

आणि निघाल्या. म्हसोबाच्या थोडे खाली नट सैल राहिल्याने चाक तिरपे झाले, चेन निसटली आणि बाई रस्त्यावर पडल्या. गुडघा फुटला. खाली उभे असलेले लोक हळहळले, आणि म्हसोबाची आठवण एकदोघांनी काढलीच. बाईंनी बसल्या जागी चेन चढवली, नट आवळला. त्या उभ्या चढावर पुन्हा सायकलवर बसता येत नव्हते. त्यांनी सायकल वळवली आणि परत पायथ्याशी आल्या. आमच्यासमोरून गेल्या, वळल्या, आणि पुन्हा चढू लागल्या.

सायकल फार हळू जात होती, इतकी हळू की आता पडेल असे वाटे. दगडापाशी पोचल्या. वेणूआजीला राहवले नाही. ती खालून ओरडली, "बाई, म्हसोबाले हात तं जोडा!"

वरून उत्तर आले, "हात सोडले तं पडन नं, आजी!"

आणि त्या तशाच दगडावरून पुढे गेल्या. वळणावर पांढरे लुगडे दिसेनासे झाले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हसोबाची पूजा करणारा गुरवही वाजवत होता.

यानंतर गावात आणि वरच्या वस्तीत जी मुले झाली, त्यांत माझ्या ताईचा मुलगा आहे. ताई मोहाड्याला दिलेली. मी मॅट्रिक पास होऊन घरी बसलो होतो. पुढे काय, हे कोणी बोलत नव्हते. बाबा दिग्रसच्या जिनात कामाला जात आणि माझ्यासाठी तिथे त्यांनी शब्द टाकून ठेवला होता. उन्हाळा होता. ताईचे दिवस भरले म्हणून आई, बाबा आणि मी मोहाड्याला गेलो होतो. दुपारी तिला एकदम त्रास सुरू झाला. ताईच्या नवऱ्याने खाली माणूस पाठवला. आई आत ताईजवळ राहिली, आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो. बाबा दर थोड्या वेळाने उठून रस्त्यावर जाऊन पाहत आणि परत येऊन बसत.

बाई आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. सायकल त्यांनी भिंतीला टेकवली. स्टँड गेल्यापासून वरच्या वस्तीतल्या पुष्कळ भिंतींना त्यांच्या हँडलची खूण पडली आहे. मग दारापाशी उभे राहून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरले आणि पाहिले. हात स्थिर होते. लगेच त्या आत गेल्या.

पुढचे आईने सांगितले. नाळ बाळाच्या मानेभोवती होती, तीही दोन वेढे. बाईंनी ती कशी सोडवली ते आईला नीट दिसले नाही. बाळ आधी रडलेच नाही. बाईंनी त्याला पालथे धरून पाठ चोळली, तोंडातले काढले, पुन्हा चोळले. "रड रे राजा, रड," असे त्या म्हणत होत्या. मग बाहेर आम्हाला त्याचा आवाज आला.

बाई बाहेर आल्या तेव्हा बाबा हात जोडून म्हणाले, "बाई, काय देऊ तुमाले, सांगा. लुगडं घेतो. गहू द्या म्हणान तं गहू देतो."

"मले लुगडं नको. या पोट्ट्याले यवतमाळले कॉलेजात धाडा."

मी दचकलो. मी त्यांना तसे काही म्हटले नव्हते. मला फक्त पुस्तक वाचताना त्यांनी पाहिले होते.

बाबा म्हणाले, "पण जिनात शब्द टाकला नं, बाई."

"मंग उचला तो शब्द."

"आजच्या दिवशी मी नाई कसं म्हणू?"

"म्हणूनच आज म्हणून राह्यली," बाई म्हणाल्या आणि चहाची बशी घेऊन उभ्या राहिल्या.

बाबा हो म्हणाले, पण नंतर त्यांचे मन मागेपुढे होई. यवतमाळला राहायचे कुठे, खायचे काय, आमच्यातले कोण आहे तिथे, हे प्रश्न खोटे नव्हते. बाईंनी वादच घातला नाही. रोज सकाळी दवाखान्यात जाताना त्या आमच्या दारापाशी थांबत आणि बाबा बाहेर येईपर्यंत सायकलची घंटी वाजवत. बाबा आले की एकच विचारत, "धाडता नं?" शेवटी एके दिवशी बाबा दातात काडी घेऊनच बाहेर धावले, "धाडतो व माय, धाडतो! ते घंटी थांबवा!" मी जाण्याच्या आदल्या दिवशी त्या आल्या आणि मला म्हणाल्या, "समजलं नाही तं वर्गात हात वर करायचा. हात वर करायले डिग्री लागत नाही." मला तो हात वर करायला पुष्कळ दिवस लागले. पण केला.

मागच्या वर्षी त्यांची बदली झाली. झरीकडच्या जंगलातल्या एका गावी. त्यांच्या जागी लीलाबाई म्हणून एक तरुण नर्स आल्या. सायकल बाईंची स्वतःची होती, पण ती त्यांनी नेली नाही. आई म्हणाली, "तिकडं लागन नं तुमाले." बाई म्हणाल्या, "चढ इथी आहे, तं सायकल इथीच राहीन." जाण्याआधी लीलाबाईंना त्यांनी चाक उलटायला शिकवले. रोज सकाळी चढावर नेले. लीलाबाई जिद्दीच्या, पण अंगाने बारीक. म्हसोबापाशी त्यांचा दम सुटे आणि पाय खाली टेके. बाई खालून पाहत आणि म्हणत, "होईन. उद्या होईन."

बाई निघाल्या तो सोमवार होता. सुटी संपवून मीही यवतमाळला परत चाललो होतो. थांब्यावर सगळा गाव आला होता. वेणूआजी रडत होती आणि मोटारीला शिव्या देत होती. फक्त लीलाबाई दिसत नव्हत्या. मोहाड्याहून बोलावणे आले, म्हणून त्या थोड्या वेळापूर्वीच सायकलने निघाल्या, असे कोणी तरी सांगितले. बाईंनी मान हलवली आणि आत येऊन ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसल्या. मी त्यांच्याशेजारी.

मोटार चढाला लागली आणि थोड्या अंतरावर समोर लीलाबाई दिसल्या. रस्ता अरुंद. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल. सायकल रस्त्याच्या मधोमध, हळूहळू डुलत चढत होती. ड्रायव्हरने हॉर्नवर हात नेला.

"नका वाजवू!" बाई एकदम उभ्या राहिल्या. "वाजवला तं उतरन ते."

"बाई, गाडी बंद पडन माह्यी. इतक्या हळू चढावर चालत नाई ते."

"पडू द्या. मी उतरून ढकलतो."

मागून एक शेठजी ओरडले, "अहो, कोर्टात तारीख आहे माझी!" बाईंनी मागे पाहिले नाही. त्यांनी ड्रायव्हरच्या मागची दांडी धरली होती. मोटार पहिल्या गेरमध्ये गुरगुरत सायकलच्या मागे चालली. लीलाबाईंना मागे मोटार आहे हे आवाजावरून कळतच असणार, पण त्यांनी वळून पाहिले नाही. म्हसोबाचा दगड जवळ आला. सायकल जवळजवळ थांबली. पुढचे चाक एकदा डावीकडे गेले, एकदा उजवीकडे. मोटारीतले सगळे पुढे वाकले. शेठजीही खिडकीतून डोके काढून पाहत होते. बाई हळू आवाजात म्हणत होत्या, "दाब. डावा दाब. आता उजवा. दाब, माय."

सायकल दगडाच्या पुढे गेली.

वर रस्ता रुंद झाला तेव्हा लीलाबाई बाजूला झाल्या आणि लगेच सायकल उलटी करून चाक बदलू लागल्या. मोटार त्यांच्याजवळून गेली. मी म्हटले, "बाई, हात तरी दाखवा त्यांना." बाई म्हणाल्या, "नको. तिचं लक्ष जाईन, नट सैल राहीन." आणि खाली बसल्या.

यवतमाळच्या मोटारस्टँडवर मी त्यांची पेटी झरीकडच्या गाडीच्या टपावर चढवली. मला पुष्कळ बोलायचे होते. आदल्या दिवसापासून मी ते मनात जुळवत होतो. मी "बाई," म्हणून सुरुवात केली, तर त्यांनी विचारले, "तास किती वाजता आहे तुहा?"

"सुरू झाला असेल."

"मंग इथी काय करून राह्यला? पळ!"

मी पळालो. स्टँडच्या फाटकातून एकदा वळून पाहिले. बाई आपल्या जागेवर बसल्याच नव्हत्या. पुढे ड्रायव्हरच्या जाळीपाशी उभ्या राहून त्या त्याला काही तरी विचारत होत्या. गाड्यांच्या आवाजात मला एवढेच ऐकू आले, "त्या भागात चढ किती आहेत हो?"

ड्रायव्हर बोटांवर मोजू लागला होता.